घरबसल्या मंगळ: यानांनी कक्षेतून पाठवलेली माहिती कशी वाचावी

मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनी गोळा केलेली बहुतेक माहिती आज कुणालाही फुकट पाहता येते. साधा संगणक, बरं इंटरनेट आणि थोडी चिकाटी एवढं भांडवल पुरतं. अडचण वेगळीच होते. नवखा माणूस थेट सर्वांत सुस्पष्ट फोटो उघडतो, दगडधोंड्यांत तासभर रमतो, आणि आपण नेमकं काय पाहिलं हे शेवटी त्याला सांगता येत नाही. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी नकाशा आणि घड्याळ, मग फोटो, मग रंग, आणि त्यानंतर हवा.

शेजारी ग्रह दोन आहेत, मग शुक्र का नाही? शुक्राच्या ढगांमुळे साध्या कॅमेऱ्याला कक्षेतून त्याची जमीन दिसत नाही. १९९० ते १९९२ या काळात मॅगेलन यानाने रडार वापरून त्याचा नकाशा केला. रडारची चित्रं वाचणं ही वेगळी विद्या आहे आणि पहिल्या वर्गात ती नको. मंगळावर जमीन आणि हवा दोन्ही दिसतात, शिवाय एकाच जागेकडे अनेक यानांनी अनेक वर्षं पाहिलेलं आहे.

पहिली पायरी: एक जागा, एक प्रश्न

‘मला मंगळाचा अभ्यास करायचा आहे’ इथून काही सुरू होत नाही. ‘या विवराच्या दक्षिण कडेवर हिवाळ्यात दहिवर साचतं का?’ इथून होतं. सुरुवातीला अशी जागा घ्या जिथे खाली एखादी बग्गी (रोव्हर) उतरलेली आहे. कक्षेतून बांधलेला अंदाज जमिनीवरच्या फोटोंशी ताडून पाहता येतो, म्हणजे उत्तरपत्रिका हाताशी असते. गेल विवर (५.४ अंश दक्षिण, १३७.८ अंश पूर्व) किंवा जेझेरो विवर (१८.४ अंश उत्तर, ७७.५ अंश पूर्व) या चांगल्या निवडी आहेत. गेलमध्ये क्युरिऑसिटी २०१२ साली उतरली, जेझेरोमध्ये पर्सिव्हरन्स २०२१ साली. जेझेरोच्या पश्चिम कडेला नदीच्या मुखाशी साचलेल्या गाळाचा पंखा आहे. वरून पाहताना तो नवख्यालाही ओळखू येतो, आणि पहिल्याच दिवशी काहीतरी ओळखता आलं की हुरूप टिकतो.

दुसरी पायरी: पायाचा नकाशा

अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने तयार केलेली ‘जेमार्स’ ही मोफत प्रणाली उतरवून घ्या. काही बसवायचं नसेल तर नासाचं ‘मार्स ट्रेक’ ब्राउझरमध्ये चालतं. क्यूजीआयएस ही नकाशांची प्रणाली आधीपासून येत असेल तर तेही उत्तम, पण केवळ यासाठी ते शिकायला बसू नका.

सर्वांत खाली उंचीचा थर घाला, म्हणजे ‘मोला’ या उपकरणाचा. मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानावरचं हे लेझर उपकरण. लेझरची चमक खाली सोडायची, ती परत यायला लागलेला वेळ मोजायचा, त्यावरून अंतर काढायचं. अशा कोट्यवधी मोजमापांतून सगळ्या ग्रहाच्या उंचीचा नकाशा तयार झाला. मंगळावर समुद्र नाही, त्यामुळे ‘समुद्रसपाटी’ ठरवावी लागते. गुरुत्वाकर्षणावरून काढलेल्या एका काल्पनिक पृष्ठभागाला शून्य मानतात. त्या शून्यापासून ऑलिम्पस मॉन्स या ज्वालामुखीचा माथा २१ किलोमीटरहून जास्त वर आहे, तर हेलास खोऱ्याचा तळ सुमारे ८ किलोमीटर खाली.

हे आकडे हवेच्या अभ्यासातही लागतात. मंगळावर हवेचा सरासरी दाब जेमतेम ६ मिलिबार, आणि साधारण ११ किलोमीटर वर गेलं की तो एक तृतीयांशाच्या आसपास येतो. म्हणून हेलासच्या तळाशी दाब सरासरीच्या जवळपास दुप्पट, तर ऑलिम्पसच्या माथ्यावर एक मिलिबारच्याही खाली. उंची माहीत नसताना हवेविषयी बोलणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

दोन खाचखळगे आताच सांगून ठेवतो. मोलाची मोजमापं यानाच्या मार्गाखालच्या रेषांवर झाली आहेत आणि मधली जागा गणिताने भरलेली आहे. विषुववृत्ताजवळ या रेषांत अंतर जास्त, तेव्हा तिथला एखादा गुळगुळीत पट्टा खरा असेलच असं नाही. दुसरा खळगा रेखांशाचा. जुन्या नकाशांत रेखांश पश्चिमेकडे वाढतात, नव्यांत पूर्वेकडे ० ते ३६०. जेझेरोचे ७७.५ अंश पूर्व जुन्या पद्धतीत २८२.५ अंश पश्चिम होतात. आपली जागा भलतीकडेच दिसू लागली तर आधी हे तपासा.

तिसरी पायरी: घड्याळ आणि ऋतू

माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि नेमकी हीच सगळे गाळतात.

मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटांहून थोडा मोठा, वर्ष पृथ्वीच्या ६८७ दिवसांचं. आसाचा कल सुमारे २५ अंश, त्यामुळे ऋतू आहेत. अभ्यासक तिथली तारीख महिन्यांत सांगत नाहीत, ‘एल-एस’ या कोनात सांगतात, म्हणजे सूर्याभोवतीच्या फेरीत मंगळ कुठवर आला आहे ते. ० अंश म्हणजे उत्तर गोलार्धात वसंताची सुरुवात, ९० म्हणजे उत्तरेचा भर उन्हाळा, १८० शरद, २७० भर हिवाळा. दक्षिणेत सगळं उलट. मंगळाची कक्षा लंबगोल आहे आणि २५१ अंशांच्या सुमारास तो सूर्याच्या सर्वांत जवळ असतो. त्यामुळे दक्षिणेचा उन्हाळा आखूड पण कडक. मोठी धुळीची वादळं १८० ते ३६० या अर्ध्या वर्षात येतात. याच काळातला एखाद्या जागेचा फोटो धूसर दिसला तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका.

या मोसमाने काय होऊ शकतं ते मरिनर ९ ने पाहिलं. १९७१ च्या नोव्हेंबरात ते मंगळाच्या कक्षेत शिरलं. दुसऱ्या ग्रहाभोवती फिरणारं ते पहिलं यान, आणि पोहोचलं तेव्हा अख्खा ग्रह धुळीखाली. वर दिसत होते फक्त काही काळे डाग. धूळ खाली बसली तेव्हा कळलं की ते प्रचंड ज्वालामुखींचे माथे होते. मरिनर ९ ला थांबून राहण्याचा आदेश पाठवता आला. पाठोपाठ पोहोचलेल्या सोव्हिएत मार्स २ आणि मार्स ३ यांचं वेळापत्रक आधीच ठरलेलं होतं, आणि त्यांच्या वाट्याला बरीचशी धूळच आली.

ऋतूइतकीच स्थानिक वेळ महत्त्वाची, आणि ती यानाच्या कक्षेवरून ठरते. मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर, म्हणजे एमआरओ, साधारण २५० ते ३२० किलोमीटर उंचीवरून ध्रुवांवरून जात ११२ मिनिटांत एक फेरी मारतं. त्याची कक्षा अशी बेतलेली आहे की खाली जवळपास नेहमी दुपारचे तीन वाजलेले असतात. फोटो एकमेकांशी ताडायला हे फार सोयीचं, कारण सावल्या सारख्या पडतात. पण सकाळी काय घडतं ते त्याला दिसत नाही. मंगळयानाची कक्षा अगदी निराळी होती: जवळचं टोक सुमारे ४२२ किलोमीटर, लांबचं सुमारे ७७ हजार किलोमीटर, एका फेरीला तीन दिवस. लांबच्या टोकावरून त्याच्या रंगीत कॅमेऱ्याला ग्रहाची अख्खी तबकडी एका चौकटीत घेता यायची. अमिरातीच्या ‘होप’ यानाची कक्षा २० हजार ते ४३ हजार किलोमीटरची. हेतू हाच, की दिवसाच्या सगळ्या वेळा पाहता याव्यात.

यामुळे काय फरक पडतो ते आर्सिया मॉन्सवरच्या ढगावरून कळतं. या ज्वालामुखीच्या पश्चिमेला दक्षिणेच्या उन्हाळ्याच्या सुमारास रोज सकाळी एक पांढरा ढग तयार होतो आणि १,८०० किलोमीटरपर्यंत लांबतो. २०१८ साली युरोपच्या मार्स एक्सप्रेस यानाच्या फोटोंत तो दिसला तेव्हा ज्वालामुखी जागा झाला की काय अशी चर्चा झाली. प्रत्यक्षात तो डोंगराच्या उतारावर वर ढकलल्या गेलेल्या हवेतल्या बर्फकणांचा ढग. सूर्योदयापूर्वी सुरू होतो, काही तासांत पसरतो आणि दुपारपूर्वी विरून जातो. एवढी मोठी गोष्ट तोवर नीट अभ्यासली गेली नव्हती, कारण बहुतेक यानं तिथे दुपारी पोहोचायची. पुढे त्याचा अभ्यास झाला तेव्हा मार्स एक्सप्रेसबरोबर इतर यानांचे, मंगळयानाचेही, फोटो कामी आले.

तेव्हा कोणताही फोटो उघडला की त्याच्या माहितीपत्रकातला एल-एस आणि स्थानिक वेळ आधी वहीत उतरवा. मग फोटो पाहा.

चौथी पायरी: रुंद फोटोकडून अरुंद फोटोकडे

आता थर चढवत जा. मार्स ओडिसी यानावरच्या थेमिस कॅमेऱ्याचा दिवसाचा अवरक्त (इन्फ्रारेड) नकाशा १०० मीटर प्रति पिक्सेल. त्यातून परिसराचा अंदाज येतो. मग एमआरओचा कॉन्टेक्स्ट कॅमेरा, सीटीएक्स: ६ मीटर प्रति पिक्सेल, ३० किलोमीटर रुंद पट्टा. कॅल्टेकच्या मरे लॅबने याच फोटोंचा जवळपास सगळ्या ग्रहाचा सलग नकाशा जोडलेला आहे. नवख्याचा नव्वद टक्के वेळ इथे जावा असं माझं स्पष्ट मत आहे. शेवटी एमआरओवरचाच हायराइझ कॅमेरा: २५ ते ३० सेंटिमीटर प्रति पिक्सेल, जेमतेम ६ किलोमीटर रुंद. एखादी वस्तू ओळखायला तिच्यावर तीन-चार पिक्सेल पडावे लागतात, म्हणजे साधारण एक मीटरचा दगड ही हायराइझची मर्यादा. त्याने ग्रहाचा थोडासाच भाग टिपलेला आहे, त्यामुळे तुमच्या जागेचा फोटो नसेल तर नवल नाही.

हायराइझच्या फोटोचं नाव वाचायला शिका. आधी तीन अक्षरं, मग सहा आकडी परिक्रमा क्रमांक, मग चार आकडी संख्या. ही शेवटची संख्या म्हणजे कक्षेतला कोन, शेवटचा आकडा दशांश. दिवसाच्या बाजूचं विषुववृत्त १८०० वर येतं. त्यामुळे १९८५ म्हणजे १८.५ अंश उत्तर, १७५५ म्हणजे ४.५ अंश दक्षिण. यादीत शेकडो नावं समोर असतात तेव्हा ही युक्ती बराच वेळ वाचवते. मूळ फाइल अवजड असते. आधी लहान नमुना पाहा, गरज वाटली तरच पूर्ण उतरवा.

उजेड कुठून येतोय

विवर टेकडीसारखं दिसणं हा प्रत्येकाला होणारा दृष्टिभ्रम आहे. मेंदू प्रकाश वरून येतो असं धरून चालतो. एमआरओच्या फोटोंत दुपारचा सूर्य पश्चिमेला असतो, म्हणजे उत्तर वर ठेवलेल्या फोटोत उजेड डावीकडून येतो. विवर असेल तर त्याची डावी आतली भिंत काळी आणि उजवी उजळ दिसणार, टेकडी असेल तर उलट. हे दरवेळी मुद्दाम तपासा. ध्रुवांजवळ मात्र सूर्याची दिशा वेगळी असते, तिथे माहितीपत्रक बघावंच लागतं. नकाशावर न बसवलेला कच्चा फोटो उलटासुलटा असू शकतो हेही ध्यानात ठेवा.

सावलीवरून उंची काढता येते, आणि पहिलं खरं मोजमाप म्हणून हे करून बघायलाच हवं. माहितीपत्रकात ‘आपाती कोन’ दिलेला असतो, म्हणजे सूर्य डोक्यावरच्या उभ्या रेषेपासून किती कललेला आहे तो. सावलीची लांबी भागिले या कोनाचा टॅन्जंट, आली उंची. कोन ६० अंश, सावली २५ सेंटिमीटरच्या ४०० पिक्सेलची, म्हणजे १०० मीटर. ६० अंशांचा टॅन्जंट १.७३. उंची सुमारे ५८ मीटर. सावली सपाट जमिनीवर पडलेली असेल तरच हे बरोबर येतं. उतारावर पडली असेल तर आकडा फसवतो.

रात्रीचं तापमान

थेमिसचे रात्रीचे अवरक्त फोटो नवखे बघत नाहीत, आणि त्यांत भरपूर काही असतं. बारीक धूळ सूर्य मावळताच गार पडते, कातळ रात्रभर ऊब धरून ठेवतो. रात्रीच्या चित्रात जे उजळ ते खडकाळ, जे काळं ते धुळीचं. दिवसाच्या फोटोत सारखेच दिसणारे दोन पठारी भाग इथे लगेच वेगळे पडतात.

रंग आणि वर्णपट

दिसतं तसं नसतं, हे मंगळाच्या रंगीत फोटोंबाबत शब्दशः खरं आहे. हायराइझच्या रंगीत पट्ट्यात बहुधा अवरक्त प्रकाश लाल म्हणून दाखवतात, लाल हिरवा म्हणून, आणि निळा-हिरवा निळा म्हणून. त्यामुळे काळ्या बेसॉल्ट वाळूचे ढिगारे सुंदर निळे दिसतात. प्रत्यक्षात ती वाळू करडी आहे, आजूबाजूच्या धुळीपेक्षा फक्त कमी तांबूस. रंगाच्या फरकावरून ‘इथे पदार्थ बदलला’ एवढंच म्हणा. कोणता पदार्थ, हे वर्णपटाशिवाय सांगता येत नाही.

वर्णपटासाठी एमआरओवरचं क्रिझम बघा. उपकरण आता बंद आहे, साठा खुला आहे. प्रत्येक पिक्सेलमध्ये शेकडो तरंगलांब्यांवरचा परावर्तित प्रकाश मोजलेला असतो, आणि खनिजं ठरावीक तरंगलांब्या शोषून घेतात, तिथे आलेखात खड्डा पडतो. १.९ मायक्रॉनला खड्डा दिसला तर खनिजात पाणी बांधलेलं असण्याची शक्यता. त्याच्या जोडीला २.३ मायक्रॉनला खड्डा असेल तर लोह किंवा मॅग्नेशियमवाली चिकणमाती, २.२ ला असेल तर अ‍ॅल्युमिनियमवाली. २ मायक्रॉनच्या आसपासचा मोठा खड्डा मात्र हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा असतो, तो आधी वजा करावा लागतो. जमीन बघतानाही हवा मध्ये येते, ती अशी.

इथे घाई नडते. २०११ साली हायराइझच्या फोटोंत तीव्र उतारांवर उन्हाळ्यात वाढणाऱ्या आणि थंडीत फिकटणाऱ्या काळसर रेघा नोंदवल्या गेल्या. २०१५ साली क्रिझमच्या आधारे तिथे पाणी धरून ठेवणारे क्षार असल्याचं मांडलं गेलं आणि ‘मंगळावर वाहतं पाणी’ ही बातमी जगभर गेली. २०१७ साली उतार मोजले तेव्हा दिसलं की या रेघा २७ अंशांहून तीव्र उतारांवरच आहेत. कोरडी वाळू घसरते तेव्हा असंच होतं. २०१८ साली हेही समोर आलं की क्रिझमची माहिती प्रक्रिया करताना त्या क्षारांसारखा खोटा खड्डा उमटू शकतो. शिवाय क्रिझमचा पिक्सेल सुमारे १८ मीटरचा आणि रेघा काही मीटर रुंद. एकट्या पिक्सेलवर विसंबू नका. शेजारच्या दहा पिक्सेलमध्ये तोच खड्डा आहे का, आणि त्या पट्ट्याचा आकार जमिनीवरच्या एखाद्या थराशी जुळतो का, हे बघा.

हवा कशी बघायची

मंगळाच्या हवेत सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड, उरलेल्यात मुख्यतः नायट्रोजन आणि अर्गॉन. हिवाळ्यात ध्रुवावर कार्बन डायऑक्साइडच गोठून खाली बसतो, इतका की सगळ्या ग्रहाचा दाब ऋतूगणिक पाव हिश्श्याच्या आसपास खालीवर होतो.

सुरुवात रोजच्या हवामानापासून करा. एमआरओवरचा मार्सी कॅमेरा रोज जवळपास सगळा ग्रह टिपतो, आणि त्याच्या फोटोंतून केलेले हवामानाचे साप्ताहिक अहवाल प्रसिद्ध होत आले आहेत. २००७ आणि २०१८ ची ग्रहव्यापी वादळं त्यांत दिवसागणिक वाढताना दिसतात. २०१८ च्या वादळाने ऑपॉर्च्युनिटी बग्गीचे सौरपंख झाकोळले आणि तिचा संपर्क कायमचा तुटला.

पुढचा टप्पा म्हणजे हवेचा उभा छेद. सरळ खाली पाहिलं की सगळे थर एकावर एक मिसळून दिसतात. म्हणून एमआरओवरचं मार्स क्लायमेट साउंडर क्षितिजाच्या कडेकडे आडवं बघतं आणि सुमारे ५ किलोमीटरच्या टप्प्याटप्प्यांनी तापमान, धूळ, बर्फकण वेगळे काढतं. १५ मायक्रॉनला कार्बन डायऑक्साइडचा पट्टा तापमान सांगतो. तिसरी पद्धत ग्रहणाची: सूर्य मंगळाच्या कडेआड जाताना त्याचा प्रकाश हवेतून आरपार येतो आणि अगदी विरळ वायूसुद्धा पकडता येतो. युरोप-रशियाच्या ट्रेस गॅस ऑर्बिटरने असंच मोजून २०१९ साली सांगितलं की मिथेन असलाच तर हवेच्या अब्ज भागांत ०.०५ भागापेक्षा कमी. क्युरिऑसिटीने मात्र गेल विवरात जमिनीलगत त्याहून कितीतरी जास्त मोजलं होतं. दोन्ही चांगली उपकरणं, बघायची जागा आणि वेळ वेगळी. हा वाद मिटलेला नाही, आणि ‘मंगळावर मिथेन आहे’ किंवा ‘नाही’ असं छातीठोक लिहिणारा लेख मी बाजूला ठेवतो.

सर्वांत वरच्या हवेसाठी मंगळयानावर मेन्का हे उपकरण होतं, आणि मेवन यान तर त्याच कामासाठी गेलं. मेवनच्या मोजमापांवरून २०१७ साली असा हिशेब मांडला गेला की मंगळाच्या हवेत कधीकाळी असलेल्या अर्गॉनपैकी सुमारे ६५ टक्के अवकाशात निघून गेला आहे. मंगळयानाची माहिती इस्रोच्या ‘प्रदान’ संकेतस्थळावर नोंदणी करून मिळते.

बदल शोधणे

दोन फोटो ताडताना शक्यतो एका मंगळवर्षाच्या अंतराने, म्हणजे ६८७ दिवसांनी काढलेले घ्या. ऋतू तोच, सूर्य तिथेच, मग जो फरक दिसेल तो जमिनीचा असण्याची शक्यता जास्त. ऋतू वेगळे असतील तर लांबलेल्या सावल्यांनाच तुम्ही भूस्खलन म्हणून बसाल.

वेगवेगळे कॅमेरे जोडीने कसे वापरावेत याचा नमुना २४ डिसेंबर २०२१ चा. त्या दिवशी मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाच्या भूकंपमापकाने मोठा धक्का नोंदवला. पुढे सीटीएक्सच्या फोटोंत अ‍ॅमेझॉनिस मैदानावर १५० मीटर रुंदीचं ताजं विवर सापडलं. मार्सीचे रोजचे फोटो चाळून ते कोणत्या २४ तासांत पडलं ते ठरवलं, आणि हायराइझमध्ये बाहेर उधळलेले बर्फाचे पांढरे तुकडे दिसले. चारांपैकी एकट्या उपकरणाला ही गोष्ट पुरी सांगता आली नसती.

तुमच्या वहीत प्रत्येक फोटोसाठी एक ओळ असू द्या: नाव, एल-एस, स्थानिक वेळ, आपाती कोन, पिक्सेलचा आकार, काय दिसलं. ‘काय दिसलं’ आणि ‘मला काय वाटतं’ हे रकाने वेगळे ठेवा.

हात बसला की ‘प्लॅनेट फोर’ प्रकल्पात दक्षिण ध्रुवाजवळच्या फोटोंवर खुणा करून बघा. वसंतात तिथे गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या थराखालून वायू फुटून निघतो आणि वर धुळीचे पंखे पसरतात. सामान्य लोकांनी केलेल्या त्या खुणांवरून वाऱ्याच्या दिशा काढल्या जातात. आणि तुमच्या जागेचा हायराइझ फोटो मुळातच नसेल, तर हायराइझच्या ‘हायविश’ या संकेतस्थळावर नोंदणी करून ती जागा सुचवता येते. तिथे कारण लिहायचा रकाना असतो. ‘सुंदर दिसते’ असं लिहू नका. सीटीएक्सच्या कोणत्या फोटोत काय दिसलं, कोणता प्रश्न अडला आणि कोणत्या ऋतूत फोटो हवा, एवढं तीन ओळींत लिहा.